अण्णांचा मेलबॉक्स तुंबतो तेव्हा

एका ऑफिसात चार माणसं बरीच वर्षं एकत्र बसली की काम किती झालं ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र साठत जातात. आमचे काही गप्पांत साठले, बाकीचे सगळे मेलबॉक्समध्ये. आणि एक दिवस तो तुंबला.

शिरोलीला आमची छोटी फौंड्री आहे. म्हणजे अण्णांची आहे, आम्ही तिघं तिथं नोकरीला. सुषमाताई हिशेब बघतात, मुरगूडचा बाजीराव माल गाडीत चढवून रवाना करतो, मी खरेदी आणि ड्रॉइंगं सांभाळतो. सगळ्यांत मिळून मेल आयडी एकच. घराला दार एकच असलं की कोण आलं, कोण गेलं कळतं, हे अण्णांचं धोरण. मेलबॉक्स हेच आमचं कपाट. मेलमध्ये आहे म्हटल्यावर कॉम्प्युटरवर वेगळं साठवायचं कशाला, हेही अण्णांचंच.

त्या शुक्रवारी सकाळी पुण्याहून जोशीसाहेबांचा फोन आला. पंपाच्या बॉडीचं मोठं काम त्यांच्या कंपनीकडून मिळायचं होतं. ते म्हणाले, "अण्णा, तुम्हाला केलेली मेल परत येतेय. मेलबॉक्स फुल्ल दाखवतोय. संध्याकाळपर्यंत ड्रॉइंगवर तुमची सही आली नाही तर काम दुसरीकडे जाईल."

भट्टी अर्धा आठवडा थंडच असायची. हे काम गेलं असतं तर पोरांना घरी बसवायची वेळ आली असती. अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी निघाली की प्रकरण गंभीर, हे आम्हाला माहीत आहे.

* * *

मेल साफ करायला सुषमाताई बसल्या आणि पहिल्याच पानावर नारळ निघाले.

नव्या मालाची पहिली गाडी निघताना आमच्याकडे नारळ फोडतात. बाजीराव त्याचे फोटो चारी बाजूंनी काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. एकदा जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडून उत्तर आलं, की ही टेस्ट आमच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, कशाची आहे? मी घाबरून समजावणीचं लांबलचक पत्र लिहायला घेतलं. अण्णांनी थांबवलं.

"एवढंच लिव्ह, कंपल्सरी हाय."

तेव्हापासून ते गिऱ्हाईक दर खेपेला नारळाचा फोटो मागतं. आला नाही तर माल उतरवून घेत नाही.

सुषमाताईंनी सगळे नारळ उडवायला घेतले तेव्हा बाजीराव चपला काढून उभा राहिला.

* * *

त्याखाली अण्णांचे 'ओके' होते.

अण्णा मेलला उत्तर टाइप करत नाहीत. आधी मेलची प्रिंट काढायची, तिच्यावर पेनानं 'ओके' लिहायचं, खाली सही ठोकायची, मोबाइलनं फोटो काढायचा आणि तो पाठवायचा. नवा मोबाइल घेतल्यापासून फोटो इतके मोठे येतात की कागदाचे धागे मोजावेत. एका 'ओके'त अण्णांचा अंगठा आहे. दुसऱ्यात चहाचा कप आहे आणि बशीतली खारीसुद्धा.

सुषमाताईंनी सुचवलं, की दोन अक्षरं टाइप केली असती तर आज ही वेळ आली नसती. अण्णा म्हणाले, माझं अक्षर बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला धीर येत नाही. त्यांची नाराजी पत्करून ताईंनी 'ओके' पुसले. एक मात्र ठेवला, खारीचा, कारण त्यात मागं त्या स्वतः हसताना दिसत होत्या.

* * *

मग लागली बाजीरावच्या गावची म्हाई.

म्हाई म्हणजे आमच्याकडचं जत्रेचं मटणाचं जेवण. बाजीरावनं निमंत्रणाचं रंगीत पोस्टर ऑफिसच्या मेलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना, दुकानदारांना एका दमात धाडलं होतं. उत्तरंही प्रत्येकानं सगळ्यांनाच दिली. कुणी विचारलं, तांबडा रस्सा आधी का पांढरा? कुणी विचारलं, पाहुणा आणला तर चालेल का? नेसरीकडचे आमचे वाळूवाले शिवलिंगअप्पा पडले लिंगायत, मटणाला न शिवणारे. त्यांनी कळवलं, आमचं ताट वेगळं वाढा. त्यावर पंधरा-वीस जणांनी आपापलं मत दिलं. आणि प्रत्येक उत्तराबरोबर ते पोस्टर पुन्हा पुन्हा फिरत राहिलं.

ते पुसायला गेल्यावर बाजीराव प्रत्येक मेल एकदा वाचूनच सोडत होता. वाचता वाचता त्याला भूक लागली आणि तो डबा खायला गेला.

* * *

दुपारी बरीच जागा मोकळी झाली. आम्ही जरा टेकलो. तेवढ्यात अण्णांच्या मनात शंका आली.

"असं उडवून चालतंय व्हय? उद्या काय लागलं तर? उरलेलं उडवायच्या आधी एकेक मला मेल कर."

सुषमाताई आज्ञाधारक. एकेक मोठी मेल त्या अण्णांना पाठवत गेल्या. अण्णांचा आयडी म्हणजे ऑफिसचाच आयडी, हे मोकळी झालेली जागा पुन्हा गच्च भरल्यावर आमच्या ध्यानात आलं.

ताईंनी चष्मा काढला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अण्णा, आता तुम्ही भाईर खुर्ची टाकून बसा बघू." मालक असून अण्णा मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले.

* * *

नंतर मात्र आम्ही भीड ठेवली नाही. आकारानं सगळ्यांत मोठ्या मेल वर घेतल्या आणि वरून खाली साफ करत सुटलो. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. भरलेली जागा दाखवणारी लाल पट्टी निळी झाली तेव्हा पायात रुतलेला काटा निघाल्यासारखं वाटलं. अण्णा आत आले, त्यांनी टोपी घातली. पुण्याला फोन केला, पाठवा म्हणून.

मेल आली. एवढीशी, सोबत काहीच जोडलेलं नाही. "ड्रॉइंगमध्ये बदल नाही. गेल्या वर्षी नमुन्याच्या वेळी पाठवलेलंच ड्रॉइंग सही करून पाठवावे."

ते ड्रॉइंग म्हणजे आमच्या मेलबॉक्समधली सगळ्यांत मोठी मेल. सगळ्यांत आधी आम्ही तीच उडवली होती. तेव्हाची प्रिंट भट्टीवर तेलाच्या हातांनी कधीच संपली होती.

शेवटी अण्णांनीच, जे होईल ते होईल म्हणत जोशीसाहेबांना फोन लावला. अण्णा तोंड उघडणार तोच तिकडून साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, ते ड्रॉइंग तुमच्याकडे नक्की आहे ना? आमच्या लोकांनी परवा मेल साफ करताना आमची प्रत उडवली. आता तुमच्यावरच भिस्त आहे."

अण्णांनी खुर्चीला पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हाय की. आमच्याकडनं कुठं जातंय?"

फोन ठेवून ते तडक स्टोअरकडे गेले. गेल्या वर्षी जोशीसाहेबांनीच पास केलेली नमुन्याची बॉडी तिथं दार आपटू नये म्हणून ओट लावलेली होती. आम्ही चौघांनी ती उचलून टेबलावर आणली, पुसली. मी मापं घेत गेलो, ताई लिहीत गेल्या, बाजीराव उलटीपालटी करत राहिला. एकेक माप तीनदा घेतलं. दिवेलागणीला मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग पुरं केलं, अण्णांनी खाली सही केली आणि ते पुण्याला गेलं.

थोड्या वेळानं उत्तर आलं. काम आम्हालाच मिळालं होतं. ताईंनी पदरानं डोळे टिपले, बाजीराव भट्टीवर सांगायला पळाला. मेलमध्ये शेवटी आणखी एक ओळ होती, ती अण्णांनी मला मोठ्यानं वाचायला लावली.

"काम काटेकोरपणे आमच्या ड्रॉइंगप्रमाणेच व्हावे. स्वतःच्या मनाने एकही माप घालू नये."

अण्णांनी गंभीरपणे मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस न्हवं? मनानं काय करायचं न्हाय."