पासंगाचं वजन

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. गोदामातले, भाजीच्या गाळ्यांवरचे, सोनाराच्या काचपेटीतले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना झोपवतात तेसुद्धा. त्याचं स्वतःचं वजन त्रेपन्न किलो, पण तो बाजारात शिरला की शंभर शंभर किलोची माणसं सावरून बसतात.

"काटेवाले, भाजी घेताय की झडती?" कोपऱ्यावरचा भाजीवाला विचारतो.

"अंगठा काढ."

"अहो, नुसता टेकलाय!"

"टेकलेलं सगळं मोजलं जातं. काढ."

अशा माणसाच्या दुकानात एकदा भरदुपारी चोरी झाली. पितळी वजनं गेली, ज्यांच्यावर तो बाकीचे काटे पारखतो तीच. मामीने त्याला नवं कुलूप आणायला पाठवलं. तो दोन तासांनी परत आला तो काखेत एक सुरकुतलेलं, काळ्या तोंडाचं, घोरणारं पिल्लू घेऊन.

मामीने शिलाई मशीन थांबवलं. ती घरीच शाळेची दप्तरं शिवते. "कुलूप आणायला गेला होतात ना?"

"हे कुलूपच आहे. जरा मोठं झालं की लागेल."

पिल्लू मास्टिफ या थोराड कुत्र्यांच्या जातीचं होतं. नऊ भावंडांतलं सगळ्यात हलकं. तराजूची दोन पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला एखादा खडा नाहीतर चिंधी बांधतात, तिला पासंग म्हणतात. मामाने नाव ठेवलं पासंग. आता ते नाव ऐकून नवीन गिऱ्हाईक खाली कुठेतरी मांजराएवढं काही शोधतं आणि मग हळूहळू मान वर करतं.

पिल्लू दिलं होतं केनेलच्या बाईंनी. पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या, त्यामुळे फोनवरसुद्धा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायच्या. कुत्रा विकण्याची त्यांची पद्धत वेगळी. चार पानी नियम हाताने लिहून द्यायचे, खाली दोघांच्या सह्या, आणि शेवटची ओळ लाल शाईत: दीड वर्षाने मी स्वतः येऊन बघेन, कुत्रा नीट ठेवला नसेल तर तो माझ्याबरोबर परत येईल.

मामाने सही केली आणि त्या दिवसापासून बाईंना फोन करायचं व्यसन लावून घेतलं.

"बाई, पायऱ्या किती चढू देऊ?"

"एकही नाही."

"उडी?"

"नाही!"

"मग त्याने करायचं काय?"

"वाढायचं. याचं अंग झपाट्याने वाढतं, सांधे मागून येतात. अंगावर चरबी चढवलीत तर सांधे जन्माचे जातील. म्हणून दर रविवारी वजन. तक्ता दिलाय तुम्हाला."

"वजनाची काळजी तुम्ही करूच नका, बाई," मामा म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

बाकीची काळजी घरभर पसरली. तोंडाच्या वळ्या रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर कातडी चिघळते. लाळेचं फडकं मामीच्या खांद्यावर कायमचं आलं. फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात म्हणून मामीने दप्तरांच्या उरलेल्या कापडाची जाड गादी शिवली. शिवताना तोंड चालूच होतं, "मला नकोय हा कुत्रा. आणि अहो, कापूस अजून आणा, मध्ये दबतेय." जेवल्यावर तासभर हालचाल नको, पोट पिळवटतं, हे कळल्यावर तर ती दारातच उभी राहायला लागली. "जेवून बसलाय. कोणी हसवू नका त्याला."

उकाडा त्याला सोसत नाही, म्हणून टेबलपंखा त्याच्याकडे गेला. मामा घाम पुसत काटे उघडायचा आणि पासंगाच्या गालांच्या झालरी वाऱ्यावर फडफडायच्या.

स्वभाव म्हणाल तर राजाचा, पण मन हळवं. एकदा मामा फोनवर सुट्या भागांच्या व्यापाऱ्यावर ओरडला. पासंगाला वाटलं, आपल्यालाच. तो उठला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाशी बोलला नाही. शेवटी मामा त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तुला नाही रे म्हणालो. त्या स्प्रिंगवाल्याला म्हणालो. त्याने तीनदा चुकीच्या पाठवल्या." तीनदा सांगितल्यावर माफी मिळाली.

भुंकत तो जवळजवळ नाहीच. "कुलूप बिघडलंय तुमचं," मामी म्हणायची. मग एका दुपारी आम्ही मागच्या खोलीत जेवत असताना दुकानातून बारीक आवाज आला, "कोणी आहे का हो? काका? काकू?" जाऊन बघतो तर एक माणूस भिंतीला चिकटलेला, हातात आमचं दोन किलोचं पितळी वजन, आणि पासंग त्याच्यावर कुशीने रेललेला. चावला नव्हता, गुरगुरलासुद्धा नव्हता. नुसता सगळा भार टाकून शांतपणे रस्त्याकडे बघत उभा होता.

"काका, याला बाजूला घ्या, श्वास कोंडतोय!"

"आधी वजन जागेवर ठेव," मामा म्हणाला.

"हात हलत नाही हो!"

रेलणं हा त्याचा सगळ्याच गोष्टींवरचा उपाय होता. संशय आला की रेलायचं, प्रेम आलं की रेलायचं. कुरिअरवाला सही घेण्याआधी चौकटीला घट्ट धरून उभा राहायला शिकला.

आणि रविवारी वजन. मामाने त्यासाठी दुकानातला सगळ्यात विश्वासू काटा काढला होता, जमिनीवरचा, चौकोनी. आधी चारी कोपऱ्यांवर आळीपाळीने वीस किलोचं वजन ठेवून तो पारखायचा. मग पासंग एक एक पाय ठेवत चढायचा, मामा शेजारी उभा राहून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, "शाब्बास. स्थिर. स्थिर." मी आकडा वाचायचे आणि तक्त्यावर ठिपका द्यायचे.

सातव्या महिन्यापासून ठिपका घसरायला लागला. तक्त्यावर दोन रेषा होत्या, त्यांच्यामध्ये राहायचं. आमचा ठिपका खालच्या रेषेच्याही खाली.

"पोरगं खंगतंय," मामा म्हणाला. रोज एक अंडं वाढलं. मग दुसरं. मग उकडलेली कोंबडी.

"खंगतंय?" मामी म्हणाली. "अहो, दारातून जाताना चौकटीच्या दोन्ही बाजू पुसून जातो तो!"

"नजर फसते. काटा फसत नाही."

बाईंनी फोनवर विचारलं, "फासळ्या हाताला लागतात का?"

मामाने बोटं रुतवली. बराच वेळ शोधलं. "लागतात, बाई. आहेत."

दीड वर्ष पूर्ण झालं त्या सकाळी दहाला बाईंची पांढरी गाडी दुकानासमोर लागली. मामा पहाटेपासून केस विंचरत होता, स्वतःचे आणि पासंगाचे. त्याला एकच धास्ती होती. "हडकुळा म्हणाल्या तर? उपाशी ठेवला म्हणून घेऊन गेल्या तर?" भाजीवाला त्याचा दुरुस्त झालेला काटा न्यायला आला होता, तोही पाय पसरून स्टुलावर बसला. असा तमाशा फुकट कोण सोडेल!

बाईंनी कान बघितले, दात बघितले, वळ्यांमध्ये बोट घालून वास घेतला. मग कोपरं.

"घट्टा नाही? गादी कोणी शिवली?"

"मी," मामी म्हणाली. "मला कुत्रा नकोच होता."

बाई मागे सरकल्या, एका खुर्चीवर चढल्या आणि पासंगाकडे वरून बघितलं. "इथे कंबर दिसायला पाहिजे. मला पिंप दिसतंय."

मामा हसला. "बाई, अडुसष्ट किलो. तुमच्या तक्त्याच्या खाली आहे तो. मी तर म्हणतो, अजून एक अंडं—"

"हा? अडुसष्ट?"

"काट्यावर दाखवतो."

चारी कोपरे पारखले. पासंग चढला. मामाने डोक्यावर हात ठेवला. "स्थिर." मी वाचलं, "अडुसष्ट पॉइंट चार."

बाईंनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. एवढ्यात स्टुलावरून असा आवाज आला जसा कोणी कणसाची सालं ओढतंय. भाजीवाला हसू दाबत होता. ते दबेना.

"काटेवाले," तो म्हणाला, "मांडी काढा."

"काय?"

"मांडी! मांडी काढा की पारड्यातून! कुत्रा टेकलाय तुमच्यावर!"

मामाने खाली बघितलं. पासंगाची सगळी डावी कूस त्याच्या मांडीवर निवांत विसावली होती. गेले अकरा महिने, दर रविवारी, ती तिथेच विसावत होती.

मामा एक पाऊल बाजूला झाला. पासंग कलला, चार पाय फाकवून सावरला आणि आपली भिंत कुठे गेली म्हणून इकडे तिकडे बघायला लागला. आकडे पळायला लागले. "सत्त्याहत्तर," मी वाचलं. "ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी पॉइंट सहा." तिथे थांबले.

तक्त्याची वरची रेषा सत्त्याहत्तरला होती.

भाजीवाला स्टुलावरून घसरायचाच बाकी होता. "आयुष्यभर माझा अंगठा मोजला आणि स्वतःच्या मांडीने सोळा किलो—" मग त्याचं लक्ष मामाच्या चेहऱ्याकडे गेलं. "जाऊ द्या हो. थोडंफार इकडे तिकडे होतंच."

"होत नाही," मामा म्हणाला. "काटा बरोबर होता, बाई. मी चुकीच्या जागी उभा होतो."

"कागदावर काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते ठरलं होतं." मामाने पासंगाचा गळपट्टा सोडून बाईंच्या हातात दिला.

आता मामी पुढे आली, खांद्यावर फडकं, हातात कात्री. "नेणार म्हणजे? जास्त आहे तर उतरवू! माणसांचं उतरतं, याचं का नाही उतरणार? माझं लग्नाच्या वर्षी चार किलो उतरलं होतं."

"मग?"

"आलं परत. पण उतरलं होतं!"

बाई गाडीकडे निघाल्या होत्या. मागचं दार उघडलं, "चल." पासंग झुलत झुलत गेला, पुढचे दोन पाय आत ठेवले आणि मागचे उचलायला दबला.

"उडी नको!" मामा ओरडला आणि धावला. बाईंना त्याने जवळजवळ ढकललंच. दोन्ही हात पासंगाच्या मागच्या मांड्यांखाली घातले, त्रेपन्न किलोच्या माणसाने चौऱ्याऐंशी किलोचं मागचं टोक उचललं, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि ते अलगद आत ठेवलं. मग धापा टाकत म्हणाला, "नुकतंच दीड वर्ष झालंय. अजून महिना दोन महिने उडी नको. आणि गादी राहिली. मी आणतो. कोपरं नाजूक आहेत. आणि बाई, गाडी हळू चालवा, साडेनऊला जेवलाय, तास झाला नाही अजून."

तो गादी आणायला आत गेला. दुकानात काहीतरी धडपडलं. बाई दाराशी उभ्या राहिल्या. पासंगाने आत सीटवर अंग टाकलं, जीभ बाहेर काढून जगाकडे कौतुकाने बघितलं आणि डोळे मिटले.

"परक्या गाडीत असा झोपतो?" बाई पुटपुटल्या. "याच्यावर कधी कोणी हातसुद्धा उगारला नसेल."

"माझ्या स्प्रिंगवाल्यामुळे रुसला होता एकदा," आतून गादीमागून मामाचा आवाज आला.

बाईंनी गळपट्टा खिडकीच्या हँडलला अडकवला. "तीन महिने देते. वरच्या रेषेच्या आत आला तर तुमचा. अंडी बंद. कोंबडी बंद. दर रविवारी मला काट्याचा फोटो पाठवायचा. फोटोत कुत्रा आणि आकडा. तुम्ही कुठेच नाही. खोलीतसुद्धा नाही."

मामा गादी छातीशी धरून तसाच उभा राहिला. मामीने त्याच्या हातातून गादी घेतली, झटकली आणि म्हणाली, "मग याला उतरवा आता. गाडी न्यायची आहे त्यांना."

उतरवणार कोण? पासंग घोरत होता. आम्ही हाका मारल्या, भाजीवाल्याने गाजर दाखवलं, बाईंनी मैदानावरचा आवाज काढला आणि पलीकडच्या शाळेतली एक अख्खी रांग ताठ उभी राहिली. पासंगाने कूस बदलली.

शेवटी बाईंनी किल्ल्या मामीच्या हातात ठेवल्या. "उठला की कळवा. मी बसने जाते." भाजीवाल्याने त्यांना पिशवीभर पालक दिला आणि बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. दोघं वाटेत कशावरून तरी हसत होते. मला वाटतं, सोळा किलोंवरूनच.

पासंग संध्याकाळी साडेपाचला उठला, तोपर्यंत गाडीभोवती गल्लीतले पंधरा जण जमून कुजबुजत्या आवाजात बोलत होते, कारण मामा सगळ्यांना हळू बोलायला लावत होता. त्याला उचलून उतरवलं. सहाला मामीने नवीन मापाने वाडगा भरला. भात, दुधी, बाकी जागा रिकामी. पासंगाने वाडग्यात बघितलं. वाडग्याखाली बघितलं. मग मामाकडे बघितलं आणि कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्या एका जागी आणल्या.

मामाच्या हातात चहात बुडवलेला टोस्ट होता. तो अर्ध्यावर थांबला.

"अहो," मामी म्हणाली.

"माहितीये मला."

"नुसतं म्हणू नका. तिकडे तोंड करा."

मामाने पासंगाकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले आणि टोस्ट अख्खा तोंडात कोंबला.