आईच्या पलंगावरचं छत

मागच्या वर्षी गणपती उठले आणि दोनच दिवसांनी आई तळेगावच्या घरात न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी तिला पिंपळे सौदागरला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. सहा आठवडे तिला फारशी हालचाल करायची नव्हती. टीव्हीचा तिला कंटाळा, आणि पडल्या पडल्या पुस्तक धरलं की हात भरून यायचे. त्यामुळे ती दिवसभर वर बघत राहायची. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "तुझ्या छताला लाटा आहेत गं."

मला हसू आलं. चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं गाड्यांचे रंगवलेले भाग तपासते. केसाएवढा दोष असला तरी तो भाग माझ्या हातून पुढे जात नाही. माझ्याच घराच्या छताला लाटा असतील आणि त्या मला दिसल्या नसतील, हे काही पटेना.

"औषधांनी गरगरत असेल तुला," मी म्हणाले.

"मग तू आडवी हो. इथे, सतरंजीवर."

मी आडवी झाले. खिडकीतून येणारं ऊन छताला तिरकं घासून जात होतं, आणि त्या उजेडात दर चार फुटांवर एक मंद उंचवटा सरळ रेषेत गेलेला दिसत होता. नऊ वर्षं त्या छताखाली राहून मी एकदाही वर नीट बघितलं नव्हतं. लाटा कशामुळे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

आमच्या कंपनीच्या शेडचं रंगकाम करणारे निघोज्याचे एक पेंटर माझ्या ओळखीचे होते. साठीला आलेले, अंगाने वाळके, बोलायला कमी. रविवारी ते आले. त्यांनी काही न विचारता चपला काढल्या आणि सरळ सतरंजीवर आडवे झाले. पलंगावर आई, खाली पेंटरकाका, दोघंही छताकडे बघतायत. मी उभी.

"जिप्समच्या पाट्या हायेत ह्या, ताई," ते म्हणाले. "दोन पाट्यांच्या सांध्यावर जाळीची पट्टी लावून पुट्टी भरत्यात. पट्टी आली की तिथं थोडं फुगणारच. सवडीनं काम करणारा ती पुट्टी दोन्ही अंगांना लांबवर ओढतो, मग डोळ्याला कळत न्हाई. इथं घाई केलीय."

"दुरुस्त होईल?"

"व्हईल की. पण सकाळचं तासभर दिसतंय, मग न्हाई. तेवढ्यासाठी घरभर धूळ कशाला करायची?"

समोरून आलेलं काम नको म्हणणारा माणूस आईला भारी आवडला. "पेंटरभाऊ, माझं तळेगावचं घर बघाल का?" ती म्हणाली. "दिवाळीला मी परत जाणार आहे. पुढची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्हीची छतं पार गेलीत."

"आणि झोपायची खोली?" मी विचारलं.

"ती ठीक आहे. तिला हात लावू नका."

तळेगावचं घर म्हणजे तीन खोल्या आणि वर स्लॅब. बाबांनी कारखान्यातली नोकरी सांभाळून टप्प्याटप्प्याने बांधलेलं. ते गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी आठवड्याची सुट्टी काढली, दिवसभर आईजवळ थांबायला एक बाई लावली आणि पेंटरकाकांच्या हाताखाली काम करायचं ठरवलं. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं. "तुमी लई इचारता," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी म्हणाले, "मला पगारच विचारायचा मिळतो."

पहिला दिवस स्वयंपाकघरात गेला. त्यांनी मला शिडीवर चढवलं आणि छताला बोट लावायला सांगितलं. बोट चिकटलं. इतक्या वर्षांच्या फोडण्या तिथे जाऊन बसल्या होत्या. "ह्याच्यावर तसाच रंग मारला तर महिन्यात पिवळे डाग वर येत्यात," काका म्हणाले. आम्ही गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून छत पुसून काढलं. वर हात करून पुसताना तपकिरी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत जातं, हा शोध मला त्या दिवशी लागला.

पुढच्या खोलीचा आजार वेगळा होता. तिथल्या छताला गिलावाच नव्हता. उघड्या स्लॅबवर दर दिवाळीला चुना मारलेला, आणि शेवटी कधीतरी वरून रंग. काकांनी तळहात छतावर फिरवून मला दाखवला; तो पांढराफटक झाला होता. "चुना असा भुकटी व्हतो. भुकटीला धरून रंग किती दिवस ऱ्हाणार? भुकटी सुटली की रंगबी सुटला. पोपडे म्हणत्यात ते हेच." मग पाणी मारायचं, मुरू द्यायचं आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडायचं. पोपड्याच्या कडेला मला थर दिसायला लागले: पांढरा, निळसर, पुन्हा पांढरा, मध्येच एक पोपटी. पोपटी माझ्या लग्नाच्या वेळचा. त्याच्याही खाली, थेट काँक्रीटवर, बारीक काळी अक्षरं होती, आणि सगळी आरशातल्यासारखी उलटी. स्लॅब ओतताना फळ्यांच्या फटी झाकायला वर्तमानपत्र अंथरलं असणार, त्याची शाई उठली होती. मी मोबाइलवर फोटो काढून तो उलटा फिरवला. कुणाला तरी शिलाई मशीन विकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला सामान ठेवायला जागा हवी होती, म्हणून मी झोपायच्या खोलीचं दार उघडलं. छतावर थाळ्याएवढा पिवळा डाग होता. त्याची कड तपकिरी, आणि मधला भाग किंचित खाली आलेला. डागाच्या बरोबर खाली आईचा पलंग. पण उशी नेहमीच्या बाजूला नव्हती, पायथ्याशी होती. अंथरूणही त्याच बाजूने घातलेलं. तेव्हा मला वाटलं, पंख्याचा वारा नीट लागावा म्हणून असेल.

काकांनी जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याने छत वाजवायला सुरुवात केली. भिंतीपासून हळूहळू पुढे. टण, टण, टण. डागाजवळ आवाज एकदम बदलला. बद्द. मी कंपनीत रंगाची जाडी मशिनवर मोजते; इथे हा माणूस कानाने मोजत होता.

"पोकळ हाय. तुमी दारात व्हा, ताई."

मी दारात झाले. त्यांनी बाजूला उभं राहून दांड्याचं टोक डागाच्या कडेला जरासं टेकवलं, आणि गिलाव्याचा एक तुकडा सुटून धपकन पलंगावर पडला. दोन विटांएवढा. गादीत खड्डा पडला आणि खोलीभर धूळ उडाली. ती खाली बसल्यावर वर बघितलं तर उघड्या पडलेल्या सळया, गंजून फुगलेल्या, लाल पापुद्रे सुटलेल्या.

मी घाबरले आणि घाबरल्यावर माणूस बोलतो तसं बोलले. "हे भरून टाका. सिमेंट, पुट्टी, वरून रंग. माझी सुट्टी शनिवारी संपते, आईला दिवाळीत आणायचंय."

"भरतो. पण पाणी कुठनं येतंय ते कळल्याबिगर न्हाई."

"ते नंतर बघू ना, काका."

"मग दुसरा माणूस बघा. ह्याच्यावर रंग मी लावणार न्हाई. खाली माणूस झोपतंय." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी अंगणातल्या नळावर ब्रश धुतले, पिशवीत भरले आणि ते गेले.

मी पुढच्या खोलीत येऊन बसले. कुणी गंजावर रंग मारून भाग पाठवला असता तर मी त्याला लाल चिठ्ठी लावून परत केला असता, वर चार शब्द सुनावले असते. आणि आईच्या डोक्यावरच्या छताला मी पुट्टी लावायला सांगत होते. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

मग मी टेप घेतला. डाग पूर्वेच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणि खिडकीच्या भिंतीपासून अडीच फुटांवर होता. ते आकडे हातावर लिहून मी गच्चीवर गेले, भिंतींची जाडी धरून पुन्हा मोजलं. टेपचं टोक जिथे आलं तिथे बाबांनी कधीतरी कंपनीतून आणलेला निळा ड्रम होता, मधून कापलेला. त्यात आईचा अळू. आई नसतानाही पावसावर मोठमोठी हिरवीगार पानं डुलत होती. आई रोज सकाळी त्याला दोन बादल्या पाणी घालायची.

ड्रम मला उचलेना. पहार घालून तो कसाबसा सरकवला. खाली शेवाळाचं काळं वर्तुळ आणि त्यातून गेलेली बारीक भेग. पण भेग दिसली म्हणजे पाणी तिथूनच जातंय, असं खात्रीने म्हणता येईना. घरात नीळ होती. बादलीभर पाण्यात ती चांगली गडद कालवली, भेगेभोवती ओल्या मातीचा बांध घातला आणि पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर गंजलेल्या सळईच्या टोकाला एक निळा थेंब लोंबत होता.

मी काकांना फोन केला. आधी चुकले म्हणून सांगितलं, मग थेंबाचं सांगितलं. तासाभरात ते हजर. थेंबाखाली उभं राहून बराच वेळ बघत राहिले. "नीळ घातली व्हय?" ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "आता भरू."

आईला सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी फ्लॅटवर परतल्यावर मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले. "झोपायच्या खोलीचा गिलावा पडला, आई. अळूच्या ड्रमाखालून पाणी झिरपतंय."

ती वर छताकडे बघायला लागली.

"डाग कधीपासून आहे?"

"दोन पावसाळे झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते ते दोघींनाही माहीत होतं. कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. गॅसचा सिलिंडर संपला, गल्लीतला दिवा गेला, नळाला पाणी कमी आलं, अशा कुठल्याही कारणावर माझं तेवढंच उत्तर असायचं. तिने हळूहळू मला कारणं सांगायचीच बंद केली होती.

"मी उशी फिरवली होती," ती म्हणाली. आपण निष्काळजी नव्हतो हे तिला सांगायचं होतं.

"म्हणजे डोक्याऐवजी पायावर पडलं असतं."

"तो काय, नाहीतरी मोडलाच."

मला हसू फुटलं, तीही हसली, आणि मग मला तिथे बसवेना म्हणून मी उठून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "अळू टाकून नाही ना दिलास?"

अळू अंगणात नळापाशी ठेवलाय, असं मी सांगितलं. आणि मग ठरवून बोलले. "घर नीट करून मी तुला तिथेच सोडणार आहे. इकडे ये म्हणून मागे लागणार नाही. पण छत असो की नळ असो, मला कळलं पाहिजे."

"कळवीन," ती म्हणाली. "पण लगेच माझं सामान बांधायला घेऊ नकोस."

दिवाळी पिंपळे सौदागरलाच झाली. तळेगावला काकांनी सळया तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केल्या, त्यांना गंज न धरणारा लेप दिला आणि खड्डा थराथराने भरला. गच्चीवरची भेग फोडून पुन्हा बुजवली. मग थांबायचं. माझी घाई बघून त्यांनी भरलेल्या जागी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. "अजून वल हाय." दहा दिवसांनी नवा तुकडा लावला, पुन्हा थेंब. दर शनिवारी कंपनीतून सुटले की मी प्लास्टिक बघायला तळेगावला जायचे. तिसऱ्यांदा ते आतून कोरडं निघालं. एका कोरड्या प्लास्टिकचा इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

त्यावर प्रायमर बसला, पुट्टी बसली, पॉलिश पेपरने घासून झाली. पहिला हात काकांनी मारला, दुसरा मी मागून घेतला. ते खाली उभे राहून सांगत होते. खिडकीपासून सुरू करा. रोलर उजेडाच्या दिशेनं ओढा, आडवा नको. वाळत आलेल्या जागी परत जाऊ नका. मी एकदा गेलेच. ते नुसतं "अं हं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझी मान अशी आखडली होती की गाडी मागे घेताना वळून बघता येईना.

मार्गशीर्षात आई घरी गेली. वॉकर टेकत तिने तिन्ही खोल्या फिरून बघितल्या, अंगणात जाऊन अळूचं एक पान तोडलं, देठ मोडून त्याचा चीक बघितला आणि "जागा मानवलीये" म्हणाली. मी चार दिवस राहिले. शेजारच्या बाई दोन्ही वेळ डोकावून जातील, असं ठरलं. निघताना आई दारापर्यंत आली. मी गाडीत बसले तेव्हा नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "संध्याकाळी काय करणारेस?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "जा तू, तुझी उद्या पहिली शिफ्ट आहे."