पत्र्याखालचे तीन तास

विलास गेल्याचं त्याच्या मुलीनं नांदेडहून फोनवर सांगितलं. मी विचारलं, "जेवला होता का?" असं कोणी विचारतं का... पण तोंडातून तेच निघालं. विलास माझा धाकटा दीर. त्याला जाऊन महिना झाला.

भूकंपात निलंग्याकडचं आमचं दगडमातीचं घर बसलं, माणसं वाचली. लातूरला आल्यावर डोक्यावर जड काही नको म्हणून माडीवर पत्रेच टाकले. पुढे गल्लीगल्लीत क्लास निघाले, तेही गच्चीवर पत्रे टाकूनच. विलास पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत कामाला होता. क्लासवाल्यांसाठी तो आपोआप वाजणारी परीक्षेची घंटा करायला लागला. पहिली बसली माझ्या मुलीच्या, शोभाच्याच क्लासात. नीट चालली तर आणखी दहा घेऊ, असं तिथले सर म्हणाले होते.

एका दुपारी शोभा रडतच घरी आली. "काका, तुमची घंटा सहा मिनिटं आधी वाजली. माझे दोन प्रश्न राहिले." त्या मार्कांवर वरची तुकडी ठरणार होती. तुझंच घड्याळ मागं असेल, असं म्हणून सरांनी तिला वाटेला लावलं होतं.

विलासनं घंटेचा डबा क्लासातून काढून आणला आणि माझ्या ओट्यावर उघडला. आतलं तपासून म्हणाला, "वहिनी, म्या चुकलो."

मी चौथी शिकलेली, पण त्यानं सांगितलं ते कळलं. आतल्या चिपनं किती वेगानं चालायचं ते ठोक्यांवर ठरतं. तिच्या पोटात ठोके देणारं एक असतंच, पण उष्णतेनं ते बिथरतं. बाहेरून क्रिस्टल जोडला तर ठोके नेमके पडतात. विलासनं क्रिस्टल जोडला होता. 'बाहेरचे ठोके घे' हे चिपला सांगायचंच राहिलं. घरी खाली फरशीवर, पंख्याखाली तपासलं तेव्हा फरक दिसला नाही; क्लासात पत्र्याखाली तापल्यावर दिसला.

"म्हंजे नवरदेव बोहल्यावर उभा केलास न् लग्न दुसऱ्याशीच लावलंस की!" मी म्हणाले. तो हसला नाही, डबा घेऊन सरांकडे गेला.

सर म्हणाले, "आता बोभाटा कशाला करून राहिलात? पालक मला फाडून खातील. गुपचूप दुरुस्त करा, दहाचं काम तुमचंच." विलास थेट वर्गात गेला आणि पोरांसमोर म्हणाला, चूक माझी आहे, तुमची सहा मिनिटं मी खाल्ली. पेपर पुन्हा घ्यावा लागला. दहा घंटांचं काम गेलं. दुसऱ्या खेपेलाही शोभाला वरची तुकडी मिळाली नाही. पण मग ती तिची चूक होती, घंटेची नव्हे.

त्यानंतर विलास प्रत्येक डबा आमच्या माडीवर तपासायचा. भर दुपारी, बनियनवर, हातातल्या घड्याळाकडे बघत, परीक्षेएवढे पुरे तीन तास. "अरे मरशील की तापून," मी ओरडायची. "पोरं बसत्यात की वहिनी," एवढंच म्हणायचा. नांदेडला गेल्यावरही डबे घेऊन यायचा. तिथं त्याच्या घराला स्लॅब होता, पत्रे नव्हते.

त्याचं लाकडी स्टूल अजून वरच आहे. परवा दुपारी जाऊन बसले. पत्रा नुसता भाजत होता. अर्ध्या तासात उठले... लई झालं. त्यानं किती डबे तपासले, मी कधी मोजले नाहीत. दर वेळी पाणी मात्र त्यालाच खाली येऊन मागावं लागलं.