बिनचिंचेची वडी

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. चाळीसेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला मी माझ्या पोटच्या पोराला कोचईच्या पानांची वडी चिंच न लावता खाऊ घातली. आमच्या भंडाऱ्याकडच्या कुठल्याही बाईला एवढं वाचूनच घशात खाज सुटेल. कोचई म्हणजे तुमचं अळू. त्याला आंबट लावल्याशिवाय चुलीजवळ नेत नाहीत, हे इथं सात वर्षांची पोरगीही सांगते. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला त्याहून जास्त ठाऊक होतं, हाच तर घोळ होता. कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं होतं की हिरव्या पानांत लोह असतं आणि आंबटानं मुलांना खोकला होतो. झालं! सगळ्यांच्या वड्यांतून माझ्या लेकापुरत्या चार वड्या बाजूला, बिनचिंचेच्या. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की पाडव्याला नवऱ्यानं काय ओवाळणी घातली तेही आठवत नाही.

हे आत्ता आठवायचं कारण त्या वडीची साक्षीदार, माझी मोठी जाऊ सीताबाई, भादव्याच्या शेवटी गेली. आंधळगावहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी वरठीला घरातच भाताची वाटी घेऊन नातवाच्या मागे फिरत होते. ईशान सहा वर्षांचा, शनिवार-रविवार नागपूरहून आलेला, आणि सोफ्याखाली शिरलेला. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली." मी वाटी तिथंच ठेवून आंधळगावला निघायची पिशवी भरायला घेतली, आणि त्या गडबडीत ईशान न जेवता निसटला ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई असती तर म्हणाली असती, बरं झालं.

बाई म्हणजे सीताबाईच. मी तिला बाई म्हणायची आणि घरातली सगळी मुलं मोठीआई. सासर आंधळगावचं, विणकरांचं. हातमागाच्या खोलीत जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसणार आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या, म्हणजे मागाच्या पायपट्ट्या, हलवणार. माझे यजमान वरठीच्या कारखान्यात, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो आणि सणावाराला आंधळगावी जायचो. मी स्वतःला जरा शहरातली समजायची. वरठीतली शहरातली! आज मलाच हसू येतं.

दिवाळीला घरात दहा-बारा लेकरं जमायची आणि एकाचा घास दुसऱ्याला चालायचा नाही. एकाच्या भाताला कढी शिवली की तो उठला. एक पोरगी वरणातली मोहरी वेचून ताटाच्या काठावर मुंग्यांसारखी रांगेनं लावायची. आणि माझा प्रशांत, चार वर्षांचा, फक्त भात आणि गूळ. मी त्याला भरवायला बसले की चिऊचा घास, काऊचा घास संपून टिटवी आणि बगळ्यापर्यंत पोचायची. गावच्या तलावावरचे सगळे पक्षी जेवून जायचे, पोरगं उपाशी.

बाईची तऱ्हा निराळी, आणि खरं सांगते, भयंकर चीड आणणारी. मोठ्यांची पंगत पडवीत बसली की ती सगळ्या लेकरांना मागाच्या खोलीत नेऊन खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून बसवायची. समोर ताटं मांडायची आणि त्यांच्याकडे पाठ करून चरख्यावर विणायच्या सुताच्या कांड्या भरत बसायची. सणाच्या दिवशी चरखा! सासूबाई पडवीतून बोलायच्या, पण ती ऐकल्यासारखं करायची नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "हात रिकामा ठेवला तं पोट्ट्यायच्या ताटात जाते." मी दारात उभी राहून ओरडायची, अहो बाई, बघा तरी, त्यानं वांग्याला हातसुद्धा लावला नाही. ती वळायचीच नाही. म्हणायची, मले मागून दिसत नाई. जेवण झालं की ताटं न बघता उचलायची. कुणी किती टाकलं याचा पत्ता फक्त गाईला. आणि सगळ्यात चीड याची की लेकरं खायची. माझ्यापुढे जो दातखीळ बसवायचा तोच तिच्या पाठीमागे वांगंसुद्धा चघळायचा.

तिची एक सवय मात्र त्या पाडव्यानंतरची. चरख्याकडे वळण्याआधी ती प्रत्येक लेकराच्या ताटातला एक-एक घास स्वतः खायची. सासूबाईंना उष्ट्याचा विटाळ, त्या नाक मुरडायच्या. पण मोठीआईनं खाल्ल्याशिवाय एकही पोर ताटाला हात लावायचं नाही.

मागच्या दिवाळीला ती खाटेवर होती. चरखा फिरवणं संपलं होतं. ईशानला माझी सून मेघा मोबाइल दाखवून भरवत होती, तरी तो तोंड फिरवत होता. बाईनं त्याला खाटेजवळ बोलावलं, त्याच्या ताटातली वडी मोडून तुकडा तोंडात टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बस! पोरानं अर्धी वडी खाल्ली. मेघा मला विचारते, आई, यांनी केलं काय? काय सांगू तिला... काहीच केलं नाही, हेच तर केलं. पण हे सांगायलाही मी चाळीस वर्षं घेतली.

यंदा दुखवट्याची दिवाळी. तळण नाही, गोड नाही, साधा वरण-भात आणि एक भाजी. पाडव्याला सगळे आंधळगावी जमलो. आणि गंमत पाहा, कुरकुर नाही की रडारड नाही. जन्मभर आम्ही बाया चकल्या-करंज्या घेऊन या लेकरांच्या मागे धावलो, आणि त्यांना हवा होता नुसता भात! माग दहा वर्षांपासून बंद आहे, पण बाईनं खड्डा बुजवू दिला नव्हता. लेकरं सवयीनं त्याच्या काठावर जाऊन बसली. फक्त ईशान ताटाकडे बघत तसाच. त्याच्या शेजारी त्याचा बाप. पंचेचाळिशी गाठत आलेला, पोट सुटलेला, ऑफिसात चारचौघांवर ओरडणारा प्रशांत, खड्ड्यात पाय सोडून, ताट पुढ्यात घेऊन, तसाच.

माझ्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. मग गेले, ईशानच्या ताटातला एक घास खाल्ला, प्रशांतच्या ताटातला एक खाल्ला, आणि पाठ करून चरख्यापुढे बसले. मला कांड्या भरता येत नाहीत, कधी शिकलेच नाही, वरठीची ना मी! सूत तीनदा तुटलं. मागून चमच्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही... खोटं कशाला बोलू, एकदा पाहिलं, चोरून.

आणि तो पाडवा आठवला. नैवेद्याआधी चाखायचं नाही, नैवेद्यानंतर बायकांनी शेवटी जेवायचं, म्हणजे त्या वड्यांची चव घरात कुणालाच ठाऊक नव्हती आणि मी मात्र ती पोरानं खावी म्हणून हटून बसलेली. वडी भातात लपवून भरवली. प्रशांत रडायला लागला, गळा खाजते म्हणाला. मी म्हटलं नखरे, आणि दुसरा घास कोंबला. तो हात सोडवून पळाला, मागाच्या खड्ड्यात उतरून पावड्यांमध्ये दडून बसला, आणि आतून ओरडला की तुझ्या हातचं आता कधीच नाही खाणार. चार वर्षांचं पोर, पण आवाज असा की मला ते खरं वाटलं. मी काठावर उभी, रडवेली, तरी तोंडानं नखरे नखरे चालूच. तेवढ्यात बाई आली. त्याच्या ताटातली उरलेली वडी उचलली, अर्धी आपल्या तोंडात टाकली, अर्धी माझ्या तोंडासमोर धरली. मी खाल्ली. दोन घटका आम्ही दोघी गळे धरून खोकत, डोळे पुसत उभ्या. सासूबाईंना हाक मारून ती माझी फजिती करू शकली असती. ती आत जाऊन चिंच-गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी हात पुढे केला तर तांब्या मागे ओढला, खड्ड्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आता तिघायचाबी गळा सारखाच खाजते. जाय, त्याले वर आन, संगच पिऊ."