वाळलेला फेस

न्हाव्याच्या दुकानातला टीव्ही खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उंच होता आणि न्हाव्याचं तोंड दिवसभर आरशाकडे. त्यामुळे बातम्यांची सरकती पट्टी त्याला उलटी दिसायची. वर्षभरात तो उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायला लागला. विद्या वाया जात नाही म्हणतात. ही गेली असती तर बरं झालं असतं.

युद्ध, पूर, कोसळलेला पूल, पेटलेली शाळा, त्याने काही म्हणून सोडलं नाही. गिऱ्हाइकं त्याला ‘बातमीदार’ म्हणायची. वस्तरा गळ्यावर ठेवून तो मेलेल्यांचा आकडा सांगायचा, मग ऐकणाऱ्याची काय बिशाद होती नाही म्हणायची! घरी मात्र त्याला घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना.

“लष्कराच्या भाकऱ्या भाजताय नुसत्या,” बायको करवादायची.

तो चिडायचा. माणसं तिकडे मरताहेत आणि आपण बघायचंही नाही? आपण नजर काढली की तिथे आणखी काहीतरी वाईट होईल, असं त्याला खरोखर वाटायचं. वेडेपणाच तो. पण माणूस मनाने वाईट नव्हता, म्हणून तर ही पाळी आली.

पुढे हात थरथरायला लागला. एका जुन्या मास्तरांच्या कानाखाली वस्तरा लागला आणि मास्तर पुन्हा फिरकले नाहीत. त्याचंही त्याने मनावर घेतलं नाही. घेतलं ते अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. वस्तरा हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता अंथरुणाला खिळलेले, आवाज कुजबुजीएवढा उरलेला. दाढी मात्र दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, आणि लेकाच्याच हातून. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, “आता थोडेच दिवस. जवळ बसत जा.”

त्याने कानाला खडा लावला. दुकानातला टीव्ही काढला, फोन बायकोच्या कपाटात कुलपात. पहिले आठ दिवस घरात कुणाला सुख नव्हतं. महिन्याभरात हात स्थिर झाला. अण्णा त्याचं मनगट चाचपून म्हणाले, “आला रे हात परत.” तो मोरीत जाऊन रडला.

एका सोमवारी बायको औषधं आणायला निघाली. “तुमच्या ताईंचा फोन येईल, घ्या,” म्हणून तिने कपाटातला फोन त्याच्या हाती दिला. त्याने अण्णांना उशीला टेकवलं, दोन्ही गालांना फेस लावला, उजवा गाल केला. तेवढ्यात पडद्यावर बातमी उमटली. लांबच्या कुठल्याशा शहरात पहाटे भूकंप.

एकदाच बघतो, असं म्हणून त्याने फोन पाण्याच्या वाटीला टेकवून ठेवला. ढिगाऱ्यावर माणसं उभी होती. कुणीतरी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. खालून कुणाचा श्वास ऐकू येतो का, ते ऐकायचं होतं. यंत्रं थांबली. हातातला वस्तरा तसाच धरून यानेही श्वास रोखला, आवाज वाढवला, कान लावला. एक मूल जिवंत निघालं. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

“अण्णा, पोर वाचलं!” म्हणत तो वळला.

डाव्या गालावरचा फेस वाळला होता. पार कडक, पापुद्रे सुटलेले. फेस एवढा वाळायला किती वेळ लागतो, हे न्हाव्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याने नाकाशी हात धरला. मग बराच वेळ तो हात खाली घेईना.

डॉक्टर आले, कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, “किती वाजता गेले?” भूकंप किती वाजता झाला, मूल किती वाजता निघालं, सगळं त्याला मिनिटानिशी पाठ होतं. डॉक्टरांनी अंदाजाने वेळ घातली.

संध्याकाळी ताई पोचली. बापाच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडली, मग धाकट्या भावाला जवळ घेतलं.

“तू जवळ होतास, तेवढंच समाधान. शेवटी काही बोलले का रे अण्णा?”

“बोलले असतील,” तो म्हणाला.