व साथीदार

नव्वदच्या आसपास निघालेली कुठलीही अहिराणी गाण्यांची कॅसेट घ्या आणि कव्हर उलटून बघा. पुढे काळा गॉगल लावलेला गायक. मागे गीतकार, निर्माता, निर्मात्याच्या वडिलांचे आशीर्वाद, गायकाला शर्ट शिवून देणाऱ्या टेलरचे आभार. मग कागद संपायला आला, की सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'व साथीदार'. हे वाचलं की आजही माझं डोकं फिरतं, कारण तो साथीदार कोण हे मला माहीत आहे. तो शिंदखेड्याकडचा उखर्डूभाऊ. ढोलकी त्याची.

धुळ्याला बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, त्याला गाण्याचे शब्द आठवायचे नाहीत, गायकाचं नाव तर मुळीच नाही. 'छगनभाऊ, ती लगननी कॅसेट द्या ना, ती...' असं म्हणून तो माझ्या काउंटरच्या काचेवर बोटांनी वाजवून दाखवायचा. काय वाजवायचा? उखर्डूभाऊची सुरुवातीची ढोलकी! मी त्यावरून कॅसेट ओळखून काढून द्यायचो. गाव ज्या गोष्टीवरून कॅसेट ओळखतं, ती ज्याने वाजवली त्याचं नाव छापायला यांच्याकडे शाई नव्हती.

उखर्डूभाऊ कोरडवाहू शेतकरी. रेकॉर्डिंग असलं की सकाळच्या एसटीने यायचा, ढोलकी जुन्या गोधडीत गुंडाळलेली. रेकॉर्डिंगची खोली कॅसेट काढणाऱ्या शालिग्रामशेठची, पिठाच्या गिरणीच्या वर. दळण सुरू असलं की खालून घरघर यायची, म्हणून गिरणी बंद होईपर्यंत सगळे ताटकळत बसायचे. गायकाला चहा, भजी. उखर्डूभाऊ जिन्यात. गायक तालातून घसरला की शेठ ओरडायचे ते उखर्डूभाऊवर, आणि हा बाबा मान हलवून पुन्हा सुरुवात करायचा. दहा वर्षं त्याने तिथे ढोलकी वाजवली. किती गायक आले, गेले, आमदाराच्या सत्काराला जाऊन बसले. हा आपला जिन्यात.

त्याची बायको बेबाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिला वाचता यायचं नाही. नवी कॅसेट घरी आली की ती कव्हर पुढ्यात धरायची आणि विचारायची, 'तुनं नाव कोठे शे?' तो खालच्या ओळीवर बोट ठेवायचा. 'इतलं बारीक?' ती म्हणायची. एकदा ती माझ्या दुकानात आली आणि तीच ओळ तिने मला वाचायला लावली. मी खरं ते वाचलं, 'व साथीदार'. तिने पदर खोचला आणि ती बाजाराला निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं, याच्या नावाची कॅसेट निघालीच पाहिजे. नुसत्या ढोलकीची. मध्ये गाणारा नको.

शेठ हसले. 'छगन, भाजीशिवाय भाकरी कोण खातं रे?' मी सहा महिने त्यांच्या मागे लागलो. शेवटी वैतागून म्हणाले, माल तू उचलणार असशील तर काढू. पण कव्हरचं ठरवायला बसलो आणि त्यांनी नवीनच टूम काढली. 'उखर्डू नाव कव्हरवर शोभत नाही. उदयकुमार करू.'

उखर्डूभाऊ कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी तो उभा राहिला.

'शेठ, मना पहिले दोन भाऊ गयात. मंग मायनी माले उकिरडावर ठेवं, आनि तठून उचलीसन घर लयनी. तवय मी वाचनू. हाई नाव ऱ्हाई, नही त कॅसेट नको.'

शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'ठेवा बुवा.' जसं काही त्यांच्या खिशातलं नाव देत होते.

कॅसेट निघाली. 'उखर्डूची ढोलकी', मोठ्या अक्षरात. वर टोपी घातलेला त्याचा फोटो, चेहऱ्यावर जरा भ्यालेला भाव. मी ती काचेत समोरच लावली, दिवसभर दुकानात तीच वाजवली. आणि चारच दिवसांत लोक कॅसेट परत घेऊन यायला लागले.

पहिला पारोळ्याचा. 'भाऊ, कॅसेट खराब शे. नुसती ढोलकीच वाजस, गानं सुरूच होत नही.' हा माणूस पूर्ण बाजू ऐकत बसला होता, आता गाणं येईल, मग गाणं येईल म्हणून. दुसऱ्याने तर गाणारा रेकॉर्डिंगला आलाच नसेल असं सांगून मलाच धीर दिला. मी ओरडायचो, अरे बाबांनो, हीच कॅसेट आहे, ढोलकीच ऐकायची आहे! ते माझ्याकडे असं बघायचे की मीच त्यांना फसवलं. कॅसेट काउंटरवर ठेवून निघून जायचे. शेठचा फोन आला, त्यात शब्द कमी आणि हसणं जास्त. उखर्डूभाऊ दुकानात आला, परत आलेला ढीग बघितला आणि म्हणाला, 'ऱ्हाऊ दे छगनभाऊ.' त्याच्या या 'ऱ्हाऊ दे'ची मला फार चीड यायची.

ढीग हलला तो श्रावणात. नागपंचमी झाली, घरोघरी कानबाई देवी बसवायच्या तयारीची गडबड सुरू झाली. शिंदखेड्याकडची भिकुबाई नावाची एक बाई दुकानात आली, सोबत चार-पाच बाया. 'गानारा नही ती कॅसेट तुमनाजोडेच शे ना?' मी चिडूनच म्हटलं, आहे, खराब आहे, घ्यायची तर घ्या. ती म्हणाली, 'खराब कशी? गानारा व्हई त तो आमले गाऊ देत नही. कानबाईनी गानी आम्हीच गातस. आमले ढोलकी पाहिजे, बस.'

बायांना आपल्या तोंडची गाणी म्हणायची होती, आणि मागे ढोलकी हवी होती ती चांगल्या हाताची. कानबाई उठेपर्यंत, म्हणजे तिच्या विसर्जनापर्यंत, माझा ढीग संपला. लोक लांबलांबून यायला लागले. घराघरांत उखर्डूभाऊ वाजत होता आणि वर बायांचे आवाज.

शेठच्या कानावर गेलंच. त्यांनी काय करावं? पुढच्या श्रावणाला नवीन कॅसेट काढली, 'कानबाईनी गाजेल गानी'. उखर्डूभाऊला बोलावलंसुद्धा नाही. मूळ टेप काढली आणि नवी टेप वाचवायची म्हणून तिच्यावरच एका गॉगलवाल्या गायकाचा आवाज चढवला. कव्हरवर गॉगल. आणि खाली, मुंगीएवढं, 'व साथीदार'! मी थेट गिरणीवर गेलो. शेठ म्हणाले, 'टेप माझी, मशीन माझं. त्याचं वाजवून झालं ना?' ज्याने सबंध कॅसेट एकट्याने वाजवली, त्याला त्याच्याच कॅसेटमध्ये साथीदार केलं. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती कॅसेट मी दुकानात ठेवली नाही.

पण बायांनी शेठला बरोबर ओळखलं. त्या श्रावणात दुकानादुकानांतून ती कॅसेट परत गेली. गॉगलवाला गात होता, म्हणून कुणाला गाता येईना. दुकानदार शेठकडे जुनी मागू लागले. आणि जुनी काढायची तर मूळ टेपवर गॉगलवाला कायमचा बसलेला! बाजारात एक शिल्लक नव्हती. बायांकडे होत्या त्या वाजवून वाजवून घासलेल्या.

मग शेठला उखर्डूभाऊची आठवण झाली. त्याच्या घरी तरी एक कोरीकरकरीत असेल, तिच्यावरून नव्या काढता येतील. मी सोबत असलो तर तो ऐकेल म्हणून मला जीपमध्ये घेतलं. मी गेलो ते शेठचं तोंड बघायला, हे कबूल करतो.

ओट्यावर बसून शेठ गोड बोलले. नाव आधीपेक्षा मोठं छापू, फोटो रंगीत, गॉगलवाल्याच्या वर. उखर्डूभाऊचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मला तो बघवेना. तो उठला, आत गेला, कॅसेट घेऊन बाहेर आला.

दारात बेबाबाईने त्याच्या हातातून ती काढून घेतली.

'अहो वहिनी, कंपनीची कॅसेट आहे ती,' शेठ हसत म्हणाले. 'एकदा द्या, नाव होईल तुमच्या मालकाचं.'

दहा वर्षं प्रत्येक कव्हरवर नवऱ्याचं नाव शोधणारी ती बाई. मला वाटलं, आता देईल.

'तुमनी व्हती,' ती म्हणाली, 'त पुसी काबर टाकी?'

शेठ उठले. मग चहा न घेताच जीपकडे चालायला लागले. मी ओट्यावरच थांबलो. उखर्डूभाऊ दारात उभा होता, हात रिकामे. जीप वळेपर्यंत तो तिकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, 'मोठं लिखनार व्हतात ना वं.'

ती म्हणाली, 'लिखतात. आनि मंग तेबी पुसतात.'