न कापलेला आवाज

जानेफळात कोणी वारलं की सरणाला अग्नी दिल्यावर माणसं लगेच घरी फिरत नाहीत. श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि शेवटचं भाषण भागवतचंच असतं. पहिल्या खेपेला मात्र माइक हातात घेताच त्याचे पाय लटपटले होते, तोंडातून शब्द फुटेना. मग मेहकरच्या डॉक्टरने छातीची धडधड कमी करणारी गोळी दिली, बोलण्याच्या तासभर आधी घ्यायची. तेव्हापासून गावाला वक्ता मिळाला. गोळीचं मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही.

परवा त्याचा थोरला भाऊ उत्तमराव गेला. लहानपणी याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा भाऊ. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं आणि भागवतने नेहमीसारखी गोळी गिळली. सवय कोणाची सगी नसते! भाषण झालं, एक शब्द अडखळला नाही.

"सख्खा भाऊ गेला, पण गडी हालला नाही," लोक म्हणाले. ती शाबासकी त्याला चपलेसारखी लागली.

स्मशानातल्या भोंग्याचा आवाज घरापर्यंत येतो. भागवत परतला तेव्हा वहिनी झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "परक्याच्या मयतीत बोलता तसेच बोलले तुमी. त्याइच्यासाठी तरी आवाज कापाचा होता."

भागवतने मान खाली घातली. धरणी दुभंगावी असं त्याला वाटलं, आणि छाती मात्र अजून शांतच होती.